म्हातारीचा भरवसा नाही

सुनेचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा, आणि तो मुलासाठी असायचा. त्या रविवारी तो सकाळी साडेनऊलाच वाजला, तेव्हा लायब्ररीच्या बाईंना आधी वाटलं, तिकडे काहीतरी झालं. एवढ्या लांब राहणाऱ्या माणसाचा अवेळी फोन आला की दुसरं काही सुचतच नाही.

"आई, तो डोंगरावर गेलाय ना?" सून म्हणाली. "मग बरं. मला तुमच्याशीच बोलायचं होतं. रागावणार नसाल तर एक विचारते."

"विचार की. आणि तू बरी आहेस ना, ते आधी सांग."

"मी बरी आहे. त्याचा व्हिसा खरंच आला नाही का हो?"

"अगं, आला असता तर मी तुला सांगितलं नसतं का?"

"तुम्ही सांगितलं असतं," सून म्हणाली. "माझ्या वॉर्डातल्या एका नर्सच्या नवऱ्याने आमच्यानंतर दोन महिन्यांनी अर्ज केला होता. तो येऊन कामालासुद्धा लागला. मी इथल्या ऑफिसात विचारलं, तर म्हणतात, अर्जदाराला केव्हाच कळवलंय. अर्जदार म्हणजे तोच ना, आई?"

 फोन ठेवून बाई मुलाच्या खोलीत गेल्या.

बाईंनी तीस वर्षं एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं होतं. हरवलेलं पुस्तक हरवलेलं नसतं, चुकीच्या फळीवर असतं, हे त्या नव्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगायच्या. त्याच पद्धतीने त्यांनी खोली डोळ्यांखालून घातली. कपाटात नसणार, कारण कपाट त्याच आवरतात. गादीखाली नसणार, कारण आई तिथे आधी बघेल हे त्याला ठाऊक. उरला तो पलंगाखालचा खोका, डोंगरावरच्या बुटांचा. बूट त्याच्या पायात होते, खोक्यात चुरगळलेले कागद होते, आणि कागदांच्या तळाशी पाकीट होतं.

पत्र त्यांनी उभ्याने वाचलं, मग पलंगावर बसून वाचलं. परवानगी मिळाली होती. पत्रावरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. शेवटच्या परिच्छेदात दुसरी एक तारीख ठळक अक्षरात होती: तोपर्यंत त्या देशात पाऊल ठेवलं नाही तर परवानगी आपोआप रद्द, आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या अर्जाला अडीच वर्षं गेली होती. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले. सहा.

त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही.  हा मुलगा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हे. तो मुळात बोलणाऱ्यांतलाच नव्हे.

छत्तीस वर्षांचा, लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखाली. बिघाड झाला की दुसरे लोक आधी पाने-पकडी काढतात, हा आधी दरवाजावर तळहात टेकवून उभा राहायचा, ताप बघितल्यासारखा. त्याची कामाची एक रीत होती. दुरुस्ती झाली की पहिली फेरी रिकामी, दुसरी स्वतःची, आणि ते स्वतःच्या इमारतीत असेल तर तिसरी आईची. तीन फेऱ्या झाल्याशिवाय 'लिफ्ट बंद आहे, कृपया जिन्याचा वापर करावा' हा बोर्ड काढायचा नाही. बोर्ड बाईंनीच रंगवलेला होता, ग्रंथालयातल्या पाट्यांच्या वळणदार अक्षरात. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणायचे, अक्षर इतकं सुंदर आहे की लिफ्ट बंद असल्याचं दुःखच होत नाही.

सून त्याला भेटली तीही लिफ्टमध्येच. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ती एका पेशंटबरोबर चाळीस मिनिटं अडकली होती आणि हा दरवाजाच्या फटीतून तिला धीर देत होता. "त्या चाळीस मिनिटांत तो जेवढं बोलला," ती सांगायची, "तेवढं लग्नानंतर सगळं मिळून बोलला नाही." आणि चालायचं म्हटलं की याच्या कपाळाला आठी. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे शर्ट द्यायला जायचं तरी हा लिफ्टने. "याला जिना दाखवला तर हा बटण शोधत बसेल," असं सून सगळ्यांसमोर म्हणायची आणि तो खाली मान घालून हसायचा.

तीन वर्षांपूर्वी ती परदेशी हॉस्पिटलात नोकरीला गेली. तिचं गाव उतारावर वसलेलं. बस खालच्या चौकात सोडते, घर वर. पाच महिने रस्त्यावर बर्फ. पहिल्याच हिवाळ्यात ती घसरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. म्हणून यंदा थंडी सुरू होता होता मुलाने जाड तळव्यांचे बूट आणले, बुटांना बांधायचे लोखंडी काटे आणले आणि जाहीर केलं, "मी रविवारी डोंगरावर जाणार. बर्फात चालायची सवय पाहिजे." बाईंना त्या दिवशी बसलेला धक्का अजून आठवत होता. ज्याने कित्येक वर्षांत दुसरा मजला पायांनी बघितला नाही तो बर्फाचा डोंगर चढणार. तेव्हापासून त्यांचा दर रविवार खिडकीत जायचा. पाठीवरची पिशवी दिसेपर्यंत त्या जेवायच्या नाहीत. तरी त्यांनी एकदाही अडवलं नव्हतं, कारण ती जायची तयारी होती.

आता त्यांनी दोन तारखा मनात शेजारीशेजारी मांडल्या. पाकिटावरच्या शिक्क्याप्रमाणे पत्र आलं मंगळवारी. बूट आणले त्याच शनिवारी. म्हणजे पत्र आलं म्हणूनच तयारी सुरू केली. मग बायकोला चार महिने "अजून नाही आलं" का सांगतोय? जाणाऱ्याला लपवाछपवी कशाला, आणि न जाणाऱ्याला काटे लावलेले बूट कशाला?

डोंगरावर कोणी दुसरी भेटली की काय, हाही विचार येऊन गेला. आला त्याची त्यांना लाज वाटली, पण तो गेला नाही.

पाकीट होतं तसं ठेवून त्यांनी त्यावर कागद चुरगळून टाकले. त्याला विचारून उपयोग नव्हता. तो गप्प बसला असता, आणि त्याच्या गप्प बसण्याशी भांडता येत नाही हे त्या छत्तीस वर्षांत शिकल्या होत्या.

पुढच्या रविवारी तो सहाला निघाला. दहाच्या बसने त्या निघाल्या.

बस डोंगराच्या पायथ्याशी शेवटच्या थांब्यावर थांबली तेव्हा खाली उतरणाऱ्या त्या एकट्याच होत्या. समोर पत्र्याच्या छपराचं चहाचं दुकान, मागे झाडं, आणि झाडांच्या वर नुसतं पांढरं. उजवा गुडघा थंडीने कळवळत होता. दुकानाबाहेरच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ पाय खुर्चीवर ठेवून बसले होते, घोट्याला पट्टी बांधलेली.

"तुम्ही लायब्ररीच्या बाई," ते म्हणाले. "लिफ्टवाल्याच्या आई. नाक सांगतंय."

हे पोस्टमनकाका, मुलाच्या टोळीचे म्होरके. चाळीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झाले, आणि पाय स्वस्थ बसू देईनात म्हणून डोंगरावर लोकांना नेऊ लागले. मागच्या आठवड्यात घोटा मुरगळला होता म्हणून आज खालीच थांबले होते.

"बसा. वर जायला आला असाल तर उशीर झालाय, आणि बूट चुकलेत."

"मी सहज आले," बाई म्हणाल्या. "कसा चालतो तो?"

"पहिल्या दिवशी? अहो, वासरासारखा. चार पाय असते तर चारही चार दिशांना गेले असते. आता बघा. दोर बांधण्यात तर तो आम्हाला शिकवतो." काकांनी चहाचा घोट घेतला. "वाईट एवढंच वाटतं, की एवढं शिकून पोरगं जाणार नाही म्हणतं."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला म्हणाला?"

"वर चढताना माणूस बोलतो. खाली आलं की पुन्हा कुलूप. म्हातारीमुळे अडलंय म्हणतो सगळं."

"म्हातारीमुळे?"

"हो की. म्हणतो, काका, तिचा आता भरवसा नाही. वरवर चालते छान, पण आतून पार झिजलीय. थंडीत सकाळी तर हलायलाच तयार नसते. कुरकुर करते, मध्येच थांबते, मग गोंजारावं लागतं. आणि दुसऱ्या कोणाचा हात लागला की चालतच नाही. मी गेलो आणि ती कायमची बसली तर काय करू?" काकांनी मान हलवली. "मी म्हटलं, अरे, किती दिवस तिच्यापायी थांबणार? लोक तर तिला काढून टाका म्हणत असतील. तर म्हणाला, म्हणतात, पण असं कसं काढून टाकणार?"

बाई ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्य अंगावर आदळत होतं. कोण लोक काढून टाका म्हणत होते? वकीलसाहेब? आतून झिजलीय म्हणजे काय? गुडघ्याच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मुलाला आत बोलावलं होतं, ते आठवलं. आणि हे गृहस्थ हे सगळं त्यांच्याच तोंडावर, चहा पीत पीत सांगत होते.

"ती बघा आली आपली फौज," काका म्हणाले.

वर, झाडं संपतात तिथे, सात-आठ ठिपके ओळीने उतरत होते. पिवळ्या टोपीचा तिसरा ठिपका आपला, हे बाईंना लगेच कळलं. आणि त्या बघत असतानाच तो ओळीतून निसटला. आवाज काही आला नाही. नुसती पिवळी टोपी पांढऱ्यावरून सरळ खाली घसरत निघाली, एक घराएवढी, दोन घरांएवढी.  मग तो पोटावर उलटला, हातातली काठी बर्फात रुतवली आणि थांबला.

"शाब्बास," काका शांतपणे म्हणाले. "हेच तीन आठवडे घोटून घेतलं."

तो उठला, अंग झटकलं आणि हसला. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि बाकीचेही हसत होते. हे पोर असं शेवटचं कधी हसलं, हे बाईंना आठवेना. सून गेल्यापासून तर नाहीच. तो घसरला त्याचा धक्का मोठा की तो हसला त्याचा, हे ठरवायच्या आत परतीची बस लागली. तो खाली पोचायच्या आधी त्या निघून गेल्या.

चारला तो घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाकीट होतं आणि पाकिटामागे आई बसली होती.

तो दारातच उभा राहिला. बुटांत मुरलेलं बर्फाचं पाणी पायपुसण्यावर उतरत होतं.

"भरवसा नाही म्हणे माझा," बाई म्हणाल्या. आवाज काबूत ठेवायचा असं ठरवलं होतं, पण ते काही जमेना. "आतून झिजलीय म्हणे मी. अरे, काय झालंय मला, ते मला तरी सांगशील? डॉक्टर तुला एकट्याला आत घेऊन काय म्हणाले?"

"तुला कोण म्हणालं हे?"

"तुझे पोस्टमनकाका. म्हातारीचा भरवसा नाही, मध्येच थांबते, गोंजारावं लागतं. सगळं सांगितलं त्यांनी मला."

मुलाने आईकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. 

"आई," तो म्हणाला, "म्हातारी म्हणजे लिफ्ट."

"काय?"

"आपली लिफ्ट. कामावर सगळे तिला म्हातारीच म्हणतात. घरात मी तो शब्द काढत नव्हतो. म्हटलं, उगाच तुला वाटेल."

"वाटलंच," बाई म्हणाल्या.

एक क्षण असा गेला, की दोघांपैकी कोणीही हसलं असतं तर दोघंही हसले असते. पण त्याची नजर पाकिटावर गेली आणि तो खुर्ची ओढून समोर बसला.

मग त्याने सांगितलं. तुटक, एकेक वाक्य, जसं यंत्राचे भाग कोणी टेबलावर काढून ठेवावेत. म्हातारी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. सुटे भाग मिळत नाहीत, तो दुसऱ्या जुन्या लिफ्टमधून काढून आणतो, घासून बसवतो. दुसरा मेकॅनिक तिला हातच लावत नाही, नवी बसवा म्हणतो. नवी बसवायची तर पाच मजल्यांचं एकमत लागतं, आणि या इमारतीचं गच्चीच्या कुलपावरसुद्धा एकमत झालेलं नाही. तो गेला आणि ती थांबली, तर ती थांबलीच.

"आणि तू पाचव्या मजल्यावर," तो म्हणाला. "डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की जिना टाळा. बाकी काही नाही. तू ठणठणीत आहेस."

"मग बसेन की घरात. पुस्तकं आहेत."

"बाबांना शेवटचं खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं होतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "तेव्हा म्हातारी अकरा दिवस बंद होती. ॲम्ब्युलन्सची माणसं दमत होती, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवत होती. नव्वद पायऱ्या. मी मागून चालत मोजल्या."

अठरा वर्षं झाली होती त्याला. या अठरा वर्षांत त्याने तो विषय एकदाही काढला नव्हता. तो लिफ्टच्या कामाला का लागला, कॉलेज अर्धवट का सोडलं, यावर बाईंनी तेव्हा किती डोकेफोड केली होती. आणि उत्तर इतकी वर्षं याच घरात, त्यांच्यासमोर जेवत होतं. 

"मग हे बूट कशाला आणलेस?" त्यांनी त्याच्या पायांकडे बघत विचारलं.

"मन तयार होईना," तो म्हणाला. "म्हटलं, पाय तरी तयार ठेवावेत."

तो म्हणाला, आज फोन आला की बायकोला स्पष्ट सांगून टाकतो, मी येत नाही. बाईंनी पाकीट स्वतःकडे ओढलं. "मुदतीच्या आधीच्या रविवारी सांग. तोपर्यंतचा वेळ मला दे."

"तोपर्यंत काय बदलणार आहे?"

"मला कुठे माहीत?" बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

सुनेला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून पत्र आल्याचं सांगितलं. अंधारात ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.  "मी त्याला विचारणार नाही," सून म्हणाली. "पण आई, हे त्याने मला सांगायला हवं होतं. मी रोज त्या चौकात बस थांबली की बघते, कोण उतरतंय." 

बुधवारी दुपारी तीनला, मुलगा कामावर असताना, बाई लिफ्टने खाली गेल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. पहिल्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या. बाराव्या पायरीवर गुडघ्याने सांगितलं, पुरे. त्या कठडा धरून वर गेल्या, बटण दाबलं आणि उरलेले चार मजले म्हातारीने त्यांना गपगुमान वर नेलं. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, की बटण हाताशी आहे तोवर पाय वर चढणार नाहीत. गुरुवारी त्यांनी जिन्याखालचा बोर्ड काढला आणि चांगल्या चालत्या लिफ्टच्या दाराला अडकवला. लिफ्ट बंद आहे. कृपया जिन्याचा वापर करावा. स्वतःच्याच अक्षरातली ती विनंती त्यांनी पहिल्यांदाच मान्य केली.

शिंपीणबाईंना सामील करून घ्यावंच लागलं, कारण जिना त्यांच्या दारावरून जात होता. त्यांनी प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक स्टूल ठेवलं, चारला बोर्ड परत जिन्याखाली ठेवायचं कबूल केलं आणि विचारलं, "बाई, ह्या वयात कोणाला पळून जायचंय?"

"मला नाही. दुसऱ्याला पळवायचंय."

पोस्टमनकाकांनाही फोन केला. आपण तोंडावर काय बोलून बसलो हे कळल्यावर काका ओशाळले आणि दुसऱ्याच दिवशी लंगडत आले, सोबत डोंगरावरची काठी घेऊन. "चूक एकच करताय," ते म्हणाले. "दम लागल्यावर थांबताय. दम लागायच्या आधी थांबायचं. आणि वर बघायचं नाही. डोंगर असो नाहीतर वकीलसाहेबांचा मजला, वर बघणारा दमतो." एक पायरी, गुडघा सरळ, श्वास. दुसरी पायरी. बाई घरात बसून हे घोकायच्या.

इकडे मुलाच्या डोक्याला नवाच ताप झाला. संध्याकाळी घरी आला की कोणीतरी तक्रार करायचं, दुपारी लिफ्ट बंद होती. बोर्ड मात्र जागेवर, जिन्याखाली. तो मशीनरूममध्ये जाऊन तासतास बसायचा.

"रोज तीन ते चार," तो जेवताना म्हणायचा. "बाकी वेळी घड्याळासारखी. अशी लिफ्ट मी पाहिली नाही."

"वय झालं की दुपारची झोप लागते," बाई म्हणायच्या आणि ताटात बघायच्या.

दुसऱ्या आठवड्यात त्या दुसरा मजला ओलांडून गेल्या, तिसऱ्या आठवड्यात तिसरा. चौथ्या आठवड्यात गुडघा असा सुजला, की दोन दिवस सांडशी उचलायला वाकता येईना. चार मजले आणि पाच मजले यांत अठरा पायऱ्यांचा फरक असतो, पण त्या अठरा पायऱ्या त्यांना एकदाही जमल्या नाहीत. आणि तो ठरलेला रविवार उजाडला.

तो पहाटे निघाला तेव्हा दारात थांबून म्हणाला, "आज संध्याकाळी सांगतो तिला."

"सांग," बाई म्हणाल्या.

सव्वाअकराच्या सुमारास त्यांनी बोर्ड लावला आणि चढायला सुरुवात केली. डोंगरावर मात्र हवा बिघडली होती. टोळी अर्ध्यातूनच मागे फिरली, आणि मुलगा दुपारच्याऐवजी साडेअकरालाच इमारतीच्या दारात आला. दाराशी वकीलसाहेब भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होते.

"तुझी लिफ्ट रविवारीही झोपायला लागली का रे? आणि तुझ्या आई जिन्याने वर गेल्यात. मी आपला हाक मारतोय, पण त्या मान वर करायलाच तयार नाहीत."

बाईंना तो ऐकू आला तेव्हा त्या चौथ्या मजल्याच्या स्टुलावर बसल्या होत्या. जाड बुटांचा दणदणाट, पिशवीला अडकवलेल्या काट्यांचा खणखणाट, दोन दोन पायऱ्या एकदम. वळणावर तो दिसला आणि जागच्या जागी थांबला. त्यांचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हात काठीवर. 

"आई, हलू नकोस," तो म्हणाला. आवाज अठरा वर्षांच्या मुलाचा होता. "अजिबात हलू नकोस. मी खुर्ची आणतो."

"खुर्ची नको," बाई म्हणाल्या.

"आई..."

"लिफ्ट चालू आहे. बोर्ड मी लावलाय. रोज मीच लावत होते." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "दम लागायच्या आधी थांबलेय, लागल्यावर नाही. हे तुझ्याच काकांनी शिकवलंय. बाजूला हो आणि मागून ये. आणि मोजायचं असेल तर मोज, पण मनात."

तो भिंतीला लागून बाजूला झाला.  बाई काठी टेकून उठल्या. एक पायरी, गुडघा सरळ, श्वास. नवव्या पायरीवर गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं झालं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागे त्याचे दोन्ही हात त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबले, लागले मात्र नाहीत. हे हात एवढे जवळ येऊन न लागण्याला किती कष्ट पडत असतील, ते बाईंना पाठीला जाणवत होतं. मग दहावी. मग अकरावी. अठराव्या पायरीवर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. समोर स्वतःच्या घराचं दार होतं.

"सत्तावीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "महिन्यातून दोनदा खाली उतरले तरी चालेल मला. भाजी शिंपीणबाई आणतील. म्हातारी बसली तर बसू दे."

तो भिंतीला टेकून खाली बसला होता, बुटांसकट. चेहरा ओंजळीत.

"जा," बाई म्हणाल्या, "खाली जाऊन बोर्ड काढ. तिसरी फेरी माझी असते ना? झाली."

संध्याकाळी फोन वाजला. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला, म्हणजे ऐकू येऊ नये. तरी कान तिकडेच. आधी त्याचा आवाज बराच वेळ आला, एवढा सलग की त्यांनी नळ बंद केला. मग बराच वेळ फक्त "हो" आणि "चुकलो" आणि "हो." आणि शेवटी, "बुधवारी. तू चौकात येऊ नकोस, बर्फ असेल. मला येतं चालायला."

तो गेला त्या रात्रीपर्यंत बाईंचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. विमानतळावर त्या गेल्या नाहीत. खाली दारापर्यंत गेल्या, लिफ्टने, आणि त्याने जाता जाता दरवाजावर तळहात टेकवला तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं. म्हातारीची सगळी दुखणी त्याने एका वहीत लिहवून घेतली होती, अक्षर बाईंचं. कुठे थांबते, कुठे ठोकायचं, कुठे ठोकायचं नाही. वर आल्या तर पलंगाखाली बुटांचा रिकामा खोका होता. आता खरोखरच रिकामा. महिनाभर आपण ज्यासाठी झटलो ते हे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

पोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"पोचलो. चढावर नाही पडलो."

"मग कुठे पडलास?" बाईंनी लगेच विचारलं.

"घराच्या दारात. सपाटीवर. ती अजून हसतेय." मागून सुनेचं हसणं ऐकू येत होतं. "आई, इथे लिफ्ट आहे. तिने कधी सांगितलंच नव्हतं. चार मजले. वर जाताना थोडा आवाज करते."

"ती तुझी नाही," बाई म्हणाल्या. "तिला हात लावू नकोस."

"नुसता तळहात टेकवला."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग घड्याळ बघितलं. तीन वाजत आले होते. "चल, ठेवते. माझी चढायची वेळ झाली."